जमेची बाजू

शासनाने किती करावे आणि त्यासाठी प्रजेकडून किती कर घ्यावा, या प्रश्नावर जगातल्या बहुतेक लोकशाही देशांत राजकारणाचे दोन तट पडलेले आहेत. अमेरिकेत त्यांना लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह अशी नावे आहेत. तिथला लिबरल शिक्षण, आरोग्य आणि म्हातारपणाची सोय यांची हमी शासनाकडे मागतो व त्यासाठी, विशेषतः धनिकांवर, जास्त कर बसवायला तयार असतो, तर कॉन्झर्व्हेटिव्ह शासनाचा व्याप आवरता ठेवावा, कर कमी करावेत आणि ज्याची कमाई त्याच्याच हाती राहू द्यावी, असे मानतो. मराठीत या शब्दांना उदारमतवादी आणि पुराणमतवादी असे प्रतिशब्द फार पूर्वीपासून रूढ आहेत, परंतु मराठी माणूस उदारमतवादी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, जातिनिर्मूलन या गोष्टी येतात आणि पुराणमतवादी म्हणतो तेव्हा सोवळेओवळे व रूढी येतात. कराचा विचार या दोन्ही शब्दांच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात धर्म, जात आणि भाषा यांवरून तट पडतात व ते हिरिरीने भांडतात, पण सरकारी पैसा कोणाकडून आणि कोणत्या न्यायाने गोळा करायचा यावर तट पडेनासे झाले आहेत. जिथे मतभेद असायला हवा नेमका तिथेच तो उरलेला नाही, ही चिंता या अंकाच्या आरंभी मांडणे आवश्यक वाटते.

दिवाळी हा वहीपूजनाचा सण आहे. व्यापाऱ्याच्या जुन्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे अशा दोन बाजू असत आणि दोन्हींचा मेळ बसल्याखेरीज नवी वही उघडली जात नसे. शासनाच्या वहीलाही त्याच दोन बाजू असतात, मात्र आजच्या राजकीय सभांत ऐकू येते ती फक्त नावे बाजू, म्हणजे कोणाला काय दिले, किती दिले आणि पुढच्या वेळी किती देणार. दिवाळी अंकांच्या परंपरेचाही या विषयाशी योगायोगाने एक संबंध आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा आणि त्याच वर्षीच्या मोर्ले-मिंटो सुधारणांच्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना अर्थसंकल्पावर ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला. सरकारच्या वहीवर ठराव मांडण्याची सनदशीर मुभा आणि दिवाळी अंक वाचण्याची सवय या दोन्ही गोष्टी मराठी समाजाला एकाच वर्षी लाभल्या आहेत.

शासनाचा हात कुठवर पोहोचू द्यावा, यावर महाराष्ट्रात पहिला मोठा वाद झाला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा हा कायदा आगरकर, रानडे आणि तेलंग यांना हवा होता, तर परक्या सरकारने समाजाच्या रीतिरिवाजांत कायद्याने हात घालू नये अशी टिळकांची भूमिका होती. आजच्या परिभाषेत सांगायचे तर एक पक्ष शासनाचा हस्तक्षेप मागत होता आणि दुसरा तो नाकारत होता. परंतु कराचा विषय निघाला की हीच माणसे एका बाजूला येत. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन, पीक बुडाले असेल तर सारामाफी हा शेतकऱ्याचा हक्क आहे, हे दुष्काळसंहितेच्या आधारे सांगत होते. गोखले १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलू लागले, तेव्हा त्यांचा मुद्दा असा होता की प्रजा उपाशी असताना सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक राहत असेल, तर त्याचा अर्थ सरकार कार्यक्षम आहे असा होत नाही, कर गरजेपेक्षा जास्त आहेत असा होतो. मिठावरचा कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला, त्यामागे या युक्तिवादाचे बळ होते. 

या काळातील सर्वांत टोकदार प्रश्न मात्र पुण्याच्या नगरपालिकेत आणि खेड्यांतल्या शेतबांधावर विचारला गेला, तो जोतीराव फुले यांनी. सरकारी साऱ्यावर रुपयामागे एक आणा या दराने लोकल फंड नावाचा उपकर घेतला जाई आणि तो रस्ते व शाळांसाठी आहे असे सांगितले जाई. उपकर म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी मूळ करावर बसवलेला जादा कर. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात दाखवून दिले की, पैसा कुणब्याचा जातो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या मुलांना मिळते. नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चण्यालाही त्यांनी विरोध केला होता. फुल्यांना शासन लहान हवे होते की मोठे, हा प्रश्न इथे निरर्थक ठरतो. त्यांना शाळा हव्या होत्या, म्हणजे शासन हवे होते, परंतु ज्याच्या घामातून पैसा आला त्याच्या दारात तो परत जातो की नाही, याचा हिशेबही हवा होता. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हाच धागा पुढे नेला. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, मग शेतसारा मात्र एक-दोन एकरांच्या धन्यालाही, पिको न पिको, का द्यावा लागतो, असा त्यांचा प्रश्न होता. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर प्रबंध लिहिलेल्या माणसाने तो विचारला होता, त्यामुळे सरकारला त्याचे उत्तर भावनेच्या भाषेत देता येण्याजोगे नव्हते.

रानड्यांचे स्थान या परंपरेत वेगळे आहे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी निर्हस्तक्षेपाचे इंग्रजी तत्त्व, म्हणजे सरकारने बाजारात पडूच नये हा विचार, हिंदुस्थानसारख्या मागास ठेवलेल्या देशाला लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले. मराठी उदारमतवादाचा पाया घालणारा विचारवंत अशा रीतीने आरंभापासूनच सक्रिय शासनाच्या बाजूने उभा होता, आणि पुढे धनंजयराव गाडगीळ व वैकुंठलाल मेहता यांच्यासारख्यांनी सहकाराचा जो मार्ग आखला त्याची बीजे या विचारात सापडतात.

कमी शासन आणि कमी कर यांची बाजू घेणारा पक्षही मुंबईतच आकाराला आला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये राजाजी, एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांनी या शहरात स्वतंत्र पक्षाची मुहूर्तमेढ रोवली. परवाने आणि परमिटे यांच्या राज्याला त्यांचा विरोध होता आणि १९६७ च्या लोकसभेत या पक्षाचे ४४ सदस्य होते. १९७४ साली तो दुसऱ्या पक्षात विलीन झाला, पण महाराष्ट्रात त्या विचाराला खरा आवाज मिळाला तो शेतकऱ्याच्या तोंडून. शरद जोशींची शेतकरी संघटना म्हणत होती की, शासन शेतमालाची निर्यात रोखून, भाव पाडून आणि लेव्ही लावून शेतकऱ्याकडून जे काढून घेते तो न दिसणारा करच आहे. याला ते उणे सबसिडी म्हणत, म्हणजे मदतीच्या नावाखाली जेवढे दिले त्याच्याहून जास्त भावातून ओरबाडले. बाजारात कांदा नेलेल्या शेतकऱ्याला हमाली, तोलाई, भाडे वजा जाता पैसे मिळण्याऐवजी आणखी भरावे लागतात, त्या हिशेबाच्या चिठ्ठीला उलटी पट्टी म्हणतात, आणि तो कागद हातात घेऊन या चळवळीने अर्थशास्त्र शिकवले. अमेरिकेत कमी कराची मागणी प्रामुख्याने धनिक आणि उपनगरी मध्यमवर्गाकडून आली, महाराष्ट्रात ती कर्जबाजारी कोरडवाहू शेतकऱ्याकडून आली. त्यामुळे मराठीत उजवा अर्थविचार म्हणजे श्रीमंतांचा विचार, असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी या चळवळीची केंद्रे असलेले चाकण, निफाड आणि विदर्भातील कापूसपट्टा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

इथे एका कायदेशीर तरतुदीची नोंद घ्यायला हवी. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ या कलमान्वये नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावरील निष्ठा लिहून द्यावी लागते. शासनाने कमी करावे असे मानणाऱ्यालाही ही प्रतिज्ञा घेतल्यावाचून पक्ष म्हणून उभे राहता येत नाही. एका बाजूला मत उघडपणे मांडण्याची सोय नसेल तर दुसऱ्या बाजूलाही आपले मत सिद्ध करण्याची गरज उरत नाही, आणि मग सगळेच पक्ष कागदोपत्री एका विचाराचे आणि व्यवहारात कोणत्याच विचाराचे नाहीत, अशी स्थिती येते. डाव्या विचाराचेही यात नुकसानच झाले आहे.

डाव्या आणि उजव्या या दोन्ही प्रवाहांचा मेळ एकदा, आणि फार चांगला, या राज्यात बसला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास एक प्रयोग केला, मागेल त्याला काम देण्याचा. १९७२ च्या दुष्काळात त्याची व्याप्ती वाढली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत व माती वाहत होती. या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. हा कायदा सर्वांच्या स्मरणात आहे, त्याची जमेची बाजू मात्र विस्मरणात गेली. काम मागण्याचा हक्क देताना त्याचा पैसा कुठून येणार, हे शासनाने आधी ठरवले होते. १९७५ साली नोकरी, धंदा आणि व्यवसाय करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसवण्यात आला, शहरातील बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर आला, ऊसखरेदी, मोटारवाहने आणि बागायती जमीन यांवरही थोडा थोडा भार टाकला गेला आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असे ठरले. त्याचा मोठा वाटा मुंबईने उचलला. पूर्णतः परमार्थबुद्धीने हे झाले असे मानण्याचे कारण नाही. दुष्काळी भागातून माणसांचे लोंढे येऊ नयेत असे शहराला वाटत होते आणि बांधबंदिस्ती व रस्ते बागायतदारालाही हवे होते. परंतु डावे आणि उजवे, शहरी आणि ग्रामीण, देणारे आणि घेणारे यांनी एकमेकांकडे पाहून, आकडे समोर ठेवून केलेला तो करार होता, आणि २००५ साली केंद्राने देशभरासाठी जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला त्यामागे हा अनुभव होता.

त्या कराराचे आजचे रूप पाहण्यासाठी मुंबईच्या अंधेरी-वेसावे पट्ट्यातील कोणत्याही नोकरदाराची पगाराची चिठ्ठी पुरेशी आहे. कपातीच्या रकान्यात, भविष्यनिर्वाह निधीच्या खाली, व्यवसाय कर २०० रुपये असा एक आकडा दिसतो आणि फेब्रुवारीत तो ३०० होतो, कारण वर्षाची बेरीज २,५०० व्हायला हवी. ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात असून ती १९८८ साली ठरलेली आहे. तेव्हापासून ती हललेली नाही. परिणामी महिन्याला बारा हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि त्याच इमारतीत राहणारा, महिन्याला बारा लाख मिळवणारा गृहस्थ या दोघांकडून हा कर सारखाच घेतला जातो. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट मिळाली, ही योग्य सुधारणा झाली. तरीही ज्या करातून दुष्काळी मजुराची भाकरी निघाली त्याचे नाव आज भरणाऱ्याला एक क्षुल्लक कपात म्हणूनच ठाऊक आहे, आणि पुढच्या काळात या करांची जमा योजनेवरील खर्चापेक्षा वाढत गेली तेव्हा वरचा पैसा कुठे गेला हे विचारणारेही थोडेच निघाले.

मुंबई शहराचा करांशी असलेला संबंध तर आणखी अवघड झाला आहे. १८८८ च्या कायद्याने घडलेल्या या महापालिकेत सुरुवातीला मत देण्याचा अधिकार मुख्यतः कर भरणाऱ्यांनाच होता. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक १९४८ साली झाली आणि १९५० मध्ये अंधेरी परिसर, म्हणजेच वेसावेही, महापालिकेच्या हद्दीत आले. वेसाव्याच्या कोळ्याला महापालिकेचे मत मिळाले ते माणूस म्हणून, करदाता म्हणून नव्हे. आज गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत ‘आम्ही करदाते’ हा शब्दप्रयोग पुन्हा अधिकारवाणीने होऊ लागला आहे, जणू फेरीवाला, कोळीण आणि घरकामाची बाई कर भरतच नाहीत. प्रत्यक्ष कर म्हणजे ज्याच्यावर बसतो त्यानेच भरायचा कर, उदाहरणार्थ प्राप्तिकर, आणि अप्रत्यक्ष कर म्हणजे वस्तूच्या किमतीत मिसळून ग्राहकाकडून वसूल होणारा कर, उदाहरणार्थ वस्तू व सेवा कर. साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर आणि औषधाच्या गोळीवर कर भरणारी बाई करदातीच असते. तिच्याकडे त्याची पावती नसते, एवढाच काय तो फरक.

शहरात येणाऱ्या मालावरची जकात हा असाच न दिसणारा कर होता. दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्दच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, त्या सर्वांना दिसत, परंतु त्या रांगांतून महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न येते, हे घरात बसलेल्या नागरिकाला जाणवत नसे. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री जकात संपली, वस्तू व सेवा कर आला आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात राज्य शासनाने भरपाईचा सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला धनादेश महापालिकेला दिला. या भरपाईत दरवर्षी आठ टक्के वाढ मिळते आणि ती आता मालमत्ता कराच्या दुपटीहून अधिक आहे. जकात भ्रष्टाचाराला वाव देणारी आणि व्यापाराला जाचक होती, ती गेली हे बरेच झाले. पण स्वतःच्या हद्दीत स्वतः कर वसूल करणारी संस्था त्या दिवसापासून वरून येणाऱ्या धनादेशाची वाट पाहणारी झाली, आणि जिचा पैसा वरून येतो तिचे उत्तरदायित्वही हळूहळू वरच्या दिशेलाच वळते.

महापालिकेच्या हाती उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. त्याच्या देयकावर सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण कर, वृक्ष उपकर, पथकर असे रकाने एकाखाली एक छापलेले असतात. हे देयक म्हणजे शहर आपल्यासाठी काय करते याची जवळजवळ पूर्ण यादीच असते. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना हा कर माफ झाला. लहान घरात राहणाऱ्या निवृत्त माणसाला यातून दिलासा मिळाला हे नाकारता येणार नाही, परंतु क्षेत्रफळ ही ऐपतीची मोजपट्टी नाही. या माफीच्या हिशेबात वेसाव्याजवळच्या सात बंगला भागातले, समुद्राकडे तोंड असलेले साडेचारशे फुटांचे घर आणि मानखुर्दचे तेवढेच घर सारखेच ठरते. १९७८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मतदारांनी प्रस्ताव क्रमांक १३ संमत करून मालमत्ता कर घराच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला, तेव्हा तिथल्या स्थानिक शाळांचे उत्पन्न आटले आणि शाळांच्या पैशाची सूत्रे राज्याच्या राजधानीकडे गेली. तिथे निदान तो निर्णय कमी कर हवा म्हणणाऱ्यांनी उघड वाद घालून, विरोधकांशी झुंजून मिळवला होता. मुंबईत माफी आली ती सर्व पक्षांच्या टाळ्यांत.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेव्हाही हेच दिसले. नाके जवळपास तेच, जिथे पूर्वी जकात घेतली जाई. टोल हे उपयोगशुल्क आहे, म्हणजे जो रस्ता वापरील त्याने द्यायचे मोल. ते माफ झाले तरी रस्त्याचा खर्च आणि ठेकेदाराचे देणे संपत नाही, ते राज्याच्या तिजोरीवर जाते, आणि त्या तिजोरीत ज्याच्याकडे मोटार नाही त्याचाही पैसा असतो. वेसावे-घाटकोपर मेट्रोच्या भाड्याचा वाद याच जातीचा होता. ११.४ किलोमीटरच्या या मार्गावर ८ जून २०१४ ला गाडी धावू लागली तेव्हा मूळ करारातले ९, ११ आणि १३ रुपयांचे भाडे धरायचे की चालवणाऱ्या कंपनीने मागितलेले ४० रुपयांपर्यंतचे, हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. खर्चाचा किती भाग प्रवाशाने उचलायचा आणि किती करदात्याने, हा खरा राजकीय प्रश्न आहे, त्यावर पक्षांची मते असायला हवी होती, पण तो वकिलांच्या हवाली झाला.

आणि मग लाडकी बहीण. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिना १,५०० रुपये मिळू लागले. विरोधी आघाडीने त्याच निवडणुकीत ३,००० देऊ म्हटले. या पैशाला रेवडी म्हणणे हा त्या स्त्रीचा अपमान आहे. घरखर्चातून हातात काहीच न उरणाऱ्या बाईच्या नावावर, तिच्याच खात्यात दरमहा येणारी रक्कम तिला घरात किती बळ देते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे ते त्या रकमेला उधळपट्टी म्हणणार नाहीत. शिवाय ज्यांना मालमत्ता करात माफी मिळाली, ज्यांच्या मोटारीचा टोल गेला आणि ज्यांना २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंत प्राप्तिकरातून मोकळे केले, त्यांनी हा शब्द वापरावा, हे न्यायाला धरून नाही. प्रश्न वेगळाच आहे. पागे यांच्या कायद्याबरोबर जसा व्यवसाय कर आला तसा या योजनेबरोबर कोणता कर आला? कोणताच नाही. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे रोजच्या उत्पन्नातून रोजचा खर्चही न भागल्यामुळे पडणारी खोट, ४५,८९१ कोटी रुपये दाखवली होती आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. कर्ज हा उद्याच्या माणसावर आज बसवलेला कर असतो, आणि त्या माणसाला अद्याप मत नसते.

सरकारने द्यावे असे मानणाऱ्यांनी कोणावर कर वाढवणार ते सांगितले नाही, सरकारने आवरते घ्यावे असे मानणाऱ्यांनी कोणाचे काय काढून घेणार ते सांगितले नाही, आणि दोघांनीही कर्जाच्या कागदावर मुकाट्याने सह्या केल्या. ज्या राज्याने गोखले, पागे आणि शरद जोशी पाहिले, त्या राज्यात दोन्ही बाजूंनी इतक्या सहज आपली जबाबदारी सोडून द्यावी, याचे दुःख वाटते. भांडण होऊ नये असे नाही, ते फार कमी होते आहे. महापालिकेत तर काही काळ भांडायला माणसेच नव्हती. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२३, २०२४ व २०२५ चे अर्थसंकल्प प्रशासकापुढेच मांडले जाऊन प्रशासकाच्याच सहीने मंजूर झाले. शेवटच्या अर्थसंकल्पाचा आकार ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या पैशाच्या जमाखर्चावर निवडून आलेल्या एकाही माणसाला सभागृहात उभे राहून ‘नाही’ म्हणता आले नाही. त्याच वर्षी घरोघरच्या कचऱ्यावर दरमहा शुल्क आकारण्याचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला, पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घराला १०० रुपये आणि त्यावर तीनशे चौरस मीटरपर्यंत ५००. हे शुल्क योग्य की अयोग्य याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली, पण ती जिथे व्हायला हवी होती त्या सभागृहात त्या काळी शुकशुकाट होता.

वेसाव्याच्या बंदरावर ही सगळी गुंतागुंत एका जागी पाहता येते. मासेमारी नौका संस्थेच्या पंपावरून डिझेल घेते ते पूर्ण भावाने, त्यातला मूल्यवर्धित कर शासन परत करते, पण तो परतावा मागाहून येतो, आणि तोवर नाखव्याचा, म्हणजे नौकेच्या धन्याचा, पैसा बिनव्याजी सरकारकडे अडकलेला असतो. एका बाजूने पाहिले तर ही सवलत आहे आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर ते नाखव्याने सरकारला दिलेले कर्ज आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे कर्ज आणि वीज यांत शेतकऱ्यासारखी वागणूक मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हाच नाखवा शासनाकडे परतावा वेळेवर मागतो तेव्हा तो डावा असतो का, आणि ‘आमच्या कोळीवाड्याच्या जमिनीत तुम्ही हात घालू नका’ असे त्याच शासनाला बजावतो तेव्हा तो उजवा होतो का? एकाच माणसाच्या एकाच दिवसातल्या या दोन मागण्या आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. तट माणसांत पडण्याआधी तो प्रत्येकाच्या घरात पडलेला असतो, एवढे ध्यानात ठेवले तर समोरच्याला देशद्रोही किंवा भांडवलदारांचा हस्तक ठरवण्याआधी दोन क्षण थांबता येईल.

वेसावे आणि मढ यांच्या मधली खाडी गाळाने भरत चालली आहे. ओहोटीला नौका आत आणता येत नाहीत, भरतीची वाट पाहत बाहेर थांबावे लागते आणि तोवर बर्फ वितळतो, मालाचा भाव उतरतो. खाडीत उतरणारे सांडपाणी उपनगरांतील हजारो इमारतींचे आहे, त्या इमारतींच्या देयकांवर मलनिःसारण लाभ कर नावाचा रकाना आहे आणि त्यांतल्या पाचशे फुटांच्या आतल्या घरांपुढे त्या रकान्यात आता काहीच नाही. शहरातील सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांपैकी एक वेसाव्याला होत आहे, जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पायाभरणी झाली. ते केंद्र चालवायला दरवर्षी पैसा लागेल, खाडीतला गाळ काढायलाही लागेल. तो यारी रोडच्या सदनिकाधारकाने द्यायचा, साऱ्या शहराने द्यायचा की राज्याने, आणि त्यातला किती वाटा बाजार गल्लीत पाटी मांडून बसणाऱ्या कोळिणीच्या साबणाच्या वडीतून आधीच गेलेला आहे, हे वेसाव्यातून मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने तोंडाने सांगावे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.